तो पाठ नव्हे, ती पाठ

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात मावशी होती. मावशी म्हणजे बेडपॅन देणारी, चादरी बदलणारी, रुग्णाचं अंग पुसणारी. डॉक्टर, नर्स, रुग्ण, नातेवाईक, सगळे तिला मावशीच म्हणायचे. हाडांच्या वॉर्डात मात्र तिला आणखी एक नाव होतं, घड्याळ. कारण दर दोन तासांनी ती खाटाखाटांमधून फिरायची आणि ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस बदलायची.

"आलं घड्याळ," एखादी म्हातारी कण्हत म्हणायची. "आता उलटीपालटी करणार मला."

"करणार तर! इस्त्री एका जागी ठेवली तर कपडा जळतो की नाही? तुमची पाठ काय लोखंडाची आहे?"

एकाच कुशीवर पडून चिघळणारा बेडसोअर तिच्या वॉर्डात कुणाला झालेला तिला खपत नसे. एक लालसर डाग दिसला तरी रात्रपाळीच्या मावशीची खैर नसायची. बोटाने तो डाग दाबायचा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरा झाला तर अजून वेळ आहे, लालच राहिला तर आत नासायला सुरुवात झाली. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ताई सातवी शिकलेली.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी एक बाई मांडीचं हाड जोडून वॉर्डातून घरी गेली. पाठ अगदी स्वच्छ होती, ताईने स्वतः पाहिली होती. बाराव्या दिवशी तिला परत आणलं तेव्हा माकडहाडाजवळ मूठ जाईल एवढी जखम होती. तिच्या मुलीने आईचं काय केलं नव्हतं? चमच्याने भरवलं, केस विंचरले, उशाशी बसून राहिली. फक्त हलवलं नाही. आईला दुखेल म्हणून. डॉक्टर भर वॉर्डात त्या मुलीवर ओरडले, "माणसं आहात की कोण?" मुलगी म्हणाली, "तुमच्या कागदावर गोळ्या लिहिल्या होत्या. हे कुठे लिहिलं होतं?"

ती बाई पुन्हा घरी गेली नाही. त्या दिवशी ताई आमच्याकडे आली आणि न सांगता माझी भांडी घासायला बसली. एकेक पातेलं आपटत होती.

"मायेने मारलं गं आईला," ती म्हणाली. "आणि त्या पोरीला शिव्या. शिव्या आम्हाला द्यायला हव्या होत्या. आम्ही तिला कागद दिला, दोन शब्द दिले नाहीत."

तिथून हे सगळं सुरू झालं. ताईला लिहिणं जमत नाही, बोलणं जमतं. मी शाळेत ग्रंथपाल होते. आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी मला पॉडकास्ट म्हणजे काय ते समजावून दिलं: आपण बोलायचं, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं, ते इंटरनेटवर चढवायचं, आणि मग लोकांना ते सापडावं म्हणून पॉडकास्टच्या सूचीत नाव घालायचं. सूची मला लगेच कळली. माझा जन्म सूचीत गेला. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, हे कार्डावर लिहिण्यात.

ताई आमच्याकडे येऊन धुणं वाळत घालायच्या छोट्या खोलीत बसायची. मांडीवर उशी, उशीवर फोन, दाराला आतून रजई टांगलेली. दहा-दहा मिनिटांचे भाग. टाचेखाली हवा कशी राहू द्यायची. चादरीची सुरकुतीसुद्धा कशी चावते. लाल झालेली जागा का चोळायची नाही. माणूस ओढायचा नाही, खालच्या आडव्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचा. आमचे हे जेवताना म्हणायचे, "ताई, तुमच्यामुळे या घरात जखमेशिवाय दुसरं तोंडीलावणं राहिलं नाही."

"मग जेवून झाल्यावर उठा आणि जरा चाला," ताई म्हणायची. "तीन तास खुर्चीत रुतून बसता. पुढचा नंबर तुमचा."

कार्यक्रमाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ताई म्हणाली, "बेडसोअर होऊ नये म्हणून काय करावं, असं दे." मला ते दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाटीसारखं वाटलं. मी म्हटलं, नाव एका शब्दाचं असावं, मनात राहणारं. आणि मी दिलं: 'पाठ'. पाठ सांभाळायची म्हणून पाठ, आणि धडा म्हणूनही पाठ. मी रोज सकाळी आंघोळ झाली की देवापुढे पाठ म्हणते, तोही अर्थ कुठेतरी मनात होता, खोटं कशाला बोलू. मला वाटलं एका शब्दात किती सामावलं! स्वतःवर इतकी खूश होते मी.

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने सगळे भाग ऐकले आणि म्हणाली, "मावशी, हे मी प्रत्येकाला सांगणार. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला. सूचीत जायचं, 'पाठ' शोधायचं, एवढंच सांगायचं ना?"

एवढंच. ताईला याहून काही नको होतं. जगभर कुणी ऐकावं असं तिला नव्हतं. त्या वॉर्डाच्या दारातून जो माणूस घरी जातो, त्याच्या घरच्यांच्या कानावर हे पडावं, बस्स.

तीन आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. आवाज बदललेला. "मावशी, जरा येऊन जा."

झालं होतं असं. एका म्हातारीला घरी सोडताना सिस्टरने तिच्या मुलाला सांगितलं, घरी गेल्यावर 'पाठ' ऐका. त्याने तिथेच, व्हरांड्यात उभ्या उभ्या, फोनवर सूची उघडली. 'पाठ' सापडलं. विभाग: धर्म आणि भक्ती. खाली ओळ: मनाला शांती देणारे मंगल पाठ, भावपूर्ण आवाजात. वर एक स्तोत्रांचा कार्यक्रम, खाली अंतकाळी म्हणायच्या प्रार्थना.

तो माणूस तसाच मागे फिरला आणि सिस्टरच्या टेबलावर हात आपटून ओरडला, "माझी आई जिवंत आहे अजून! तुम्ही आम्हाला पाठ लावायला सांगता? सरळ सांगा ना, घरी न्या आणि वाट बघा म्हणून!"

सिस्टर त्याला समजावत राहिली, त्याने ऐकलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? आईला घरी नेताना जो आधीच घाबरलेला, त्याने ते वाचल्यावर दुसरं काय समजायचं? त्याने लेखी तक्रार केली. सिस्टरला वरून मेमो आला: रुग्णांच्या नातेवाइकांना धार्मिक गोष्टींचा आग्रह करू नये.

"मी आता सांगू शकत नाही, मावशी," सिस्टर म्हणाली. "माझी नोकरी आहे."

ताई घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मंगल पाठ कुणी लिहिलं? तू?"

मी शपथेवर सांगितलं, मी नाही. मी अर्जात विभाग 'आरोग्य' निवडला होता. वर्णनात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी असं स्वच्छ लिहिलं होतं. सूचीवाल्यांनी ते पुसून स्वतःचं घातलं होतं. मग आम्ही दोघी ऐकणाऱ्यांचे अभिप्राय वाचायला बसलो, ते तोपर्यंत पाहिलेच नव्हते.

"पाठ कुठे आहे? ही बाई ढुंगणावरच्या जखमा सांगते. सकाळी सकाळी शी!" एक तारा.

"आवाज गोड नाही. चाल नाही." दोन तारे.

"पहिला श्लोक कितव्या मिनिटाला आहे?" याने तारा दिलाच नव्हता, बिचारा अजून शोधत असावा.

ताई एकदा हसली. मग हसू गेलं. "यांना देव हवा होता, यांना मिळाली मी. आणि ज्याला मी हवी होते, तो शिव्या घालून गेला. छोटे, एकाचं तरी भलं झालं का यात?"

नाही झालं. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवलेलंच असतं. चोरीला गेलेल्यापेक्षा वाईट, कारण कार्डावर ते 'आहे' असं दिसतं, म्हणून कुणी दुसरं आणत नाही. हे मी तीस वर्षं पोरींना सांगितलं. आणि माझ्याच बहिणीचं पुस्तक कुणीतरी भलत्या कपाटात कोंबलं होतं, वर नवी पाटी लावून.

मी सूचीवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं. पुन्हा मोलाचा आहे. तिसऱ्यांदा लिहिलं तर म्हणे ही माहिती आम्ही दुसऱ्या एका सूचीवरून घेतो, त्यांना विचारा. त्या दुसरीला विचारलं तर तिने पहिलीकडे बोट दाखवलं. दोन्हींना फोन नंबर नाही. माणसाला गाठता येईल अशी एकही खिडकी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत एखाद्या मुलीने चुकीचं कार्ड लावलं तर ती समोर उभी राहून "चुकलं बाई" तरी म्हणते.

संगणकाच्या बाईंनी शोधून दिलं की पहिल्या सूचीचं कार्यालय आमच्याच शहरात आहे. ताई म्हणाली, "चल." मी म्हटलं, आधी कळवू. ती म्हणाली, "बेडसोअर कळवून येतो का?"

झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. काचेचं दार, आत चौघेजण कानाला यंत्रं लावून बसलेले, भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आवाज तुमचा, वाट आमची'. सूचीचा मालक गोल फिरणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीत होता, चाळिशीचा, बोलायला गोड. आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं, पडद्यावर ताईचा कार्यक्रम काढला आणि त्याचे डोळे चमकले.

"अहो ताई, अभिनंदन करायला हवं तुमचं! धार्मिक विभागात तुम्ही एकोणिसाव्या आहात!"

"मला बाहेर काढा तिथून," ताई म्हणाली.

"कशाला? तीन हजारांवर लोक लावतात तुम्हाला."

"लावतात आणि शिव्या देतात."

"देऊ द्या हो. लोक सकाळी कार्यक्रम लावून ठेवतात आणि कामाला लागतात. ऐकतं कोण? पण आकडा लागतो. आरोग्य विभागात गेलात तर तिथे वजन उतरवणारे आहेत, केस उगवणारे आहेत. तुम्ही तळाला जाल. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

ऐकतं कोण! हे तो देवाचं नाव शोधणाऱ्यांबद्दल बोलत होता. माझ्यासारख्या बायकांबद्दल, ज्या सकाळी हात जोडायच्या आधी एक बटण दाबतात. त्याला आमची भक्तीही खोटी वाटत होती आणि आजाऱ्याची जखमही. खरा होता तो फक्त आकडा. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढला.

"मी अर्जात आरोग्य लिहिलं होतं. तुम्ही खोडलंत कशाच्या जोरावर?"

"मी नाही हो मॅडम, यंत्र करतं. शीर्षकात 'पाठ' आहे. तो शब्द आला की यंत्र धार्मिकमध्ये टाकतं, वर्णनही तेच सुधारतं. रोज पाचशे कार्यक्रम येतात, माणूस कुठे कुठे बघणार?"

"मग सूची कशाला म्हणता? ढीग म्हणा."

बाजूच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

ताई मात्र आवाज न चढवता म्हणाली, "तो पाठ नव्हे, साहेब. ती पाठ."

"म्हणजे?"

"तो पाठ देवापुढे म्हणतात. ती पाठ तुमच्या मागे आहे. शाळेत गेला असाल ना? तो, ती, ते शिकवलं असेल?"

"ताई, यंत्राला लिंग कळत नाही."

"यंत्राला नाही कळत, मान्य. तुम्हाला?" ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "तुम्ही बोलायला लागल्यापासून सात मिनिटं झाली. सात मिनिटांत तुम्ही अकरा वेळा हललात. मी मोजलं. का हललात?"

तो गोंधळून हसला. "का म्हणजे... बसून अवघडतं."

"कुणी सांगितलं तुम्हाला हलायला?"

"कुणी नाही. आपोआप."

"पाठीने सांगितलं. तुमचं अंग ऐकतं म्हणून तुम्हाला कळलंसुद्धा नाही. ज्याचं अंग ऐकत नाही तो तसाच पडून राहतो. आतून मांस मरतं. तुमच्या या तीन हजारांतल्या एकालाही मी नको आहे. मला वॉर्डातून घरी जाणारे महिन्याचे चाळीस लोक हवेत. ते तुमच्या दारात येतात आणि तुम्ही त्यांना सांगता की इथे मरणाच्या प्रार्थना आहेत."

तो आता हलत नव्हता. म्हणाला, "विभाग मी हाताने बदलतो. पण यंत्र दर आठवड्याला पुन्हा वाचतं, परत तिथेच नेऊन टाकेल. नावच बदलावं लागेल. आणि नाव बदललं की तो नवा कार्यक्रम. ऐकणारे, क्रमांक, सगळं शून्य." मग सवयीने त्याचा हात खणात गेला आणि एक रंगीत कागद पुढे आला. "वरच्या पट्टीत झळकायचं असेल तर आमची एक योजना..."

ताईने कागद घेतला, उलटा केला, मागून कोरा आहे हे पाहून घडी घालून पिशवीत टाकला. "सुनेला सामानाची यादी करायला होईल. करा शून्य."

"ताई, नीट विचार करा. एकोणिसावा क्रमांक—"

"साहेब, करा म्हटलं ना."

नाव तिथेच ठरलं. त्याने विचारलं, मी तोंड उघडायच्या आत ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला विचारू नका. हिने एकदा शहाणपणा केलाय." आणि सांगितलं: 'आजारी माणसाची कूस बदला'. त्याने टाइप केलं. ताईने एकेक अक्षर त्याच्याकडून वाचून घेतलं, वर्णनाची ओळ मी सांगितली, आणि समोर बसून खात्री केली. पडद्यावर ऐकणाऱ्यांच्या जागी भोपळा आला. जिने उतरताना ताईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की घरी येऊन पाहिलं तर चार बोटं उमटलेली. गुडघ्यांमुळे धरला असेल असं म्हणायला माझी हरकत नाही.

सिस्टरची समजूत काढणं त्याहून अवघड गेलं. ती म्हणाली, तोंडी सांगेन, लेखी नाही.

"तोंडी सांगितलेलं फाटकापर्यंतही टिकत नाही," ताई कडाडली. "रिक्षा ठरवताना विसरतात. एकतीस वर्षं पाहिलंय मी. मेमो आला तर माझ्याकडे बोट दाखव, मला आता कोण काढणार आहे?"

सिस्टरने ताईच्या देखत सूची उघडली. विभाग पाहिला. वर्णन पाहिलं. दोन भाग पुन्हा ऐकले, चहा गार होईपर्यंत. मग ड्रॉवरमधून घरी सोडायच्या कागदांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला हाताने नाव लिहायला लागली, खाली ताईचा फोन नंबर. "यावर शिक्का नाही मारणार," ती पुटपुटली. ताई म्हणाली, "शिक्क्याने कुणाची कूस बदलत नाही. लिही."

महिन्याने सूचीवर आकडा होता एकोणतीस. आरोग्य विभागात आमच्या खाली फक्त एक कार्यक्रम होता, तो बंद पडलेला. सूचीवाल्यांचं पत्र आलं: तुमच्या कार्यक्रमाची घसरण झाली आहे, काळजी करू नका, आमच्याकडे उपाय आहे. मी ते वाचून दाखवलं तेव्हा ताईने जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. देवाला संध्याकाळी सांगितलं आणि तिच्या वतीने माफी मागितली. माझ्या वतीने मागितली नाही. माझा राग अजून गेलेला नाही. किती जणांची 'पाठ' त्यांनी कुठल्या कुठल्या ढिगात लोटली असेल, कोण मोजणार?

परवा दुपारी मी ताईकडे शेंगा निवडत बसले होते, तेव्हा तिचा फोन वाजला. तिने मोठ्या आवाजावर लावला. एक बाई होती, घाबरलेली, मागे कुणीतरी कण्हत होतं.

"मावशी का? कागदावर नंबर होता. आम्ही तुमचं ऐकतो, दोन दिवस झाले. दर दोन तासांनी सासूबाईंना वळवते. पण उजवीकडे वळवलं की ओरडतात हो. काय करू? बंद करू का?"

"ऑपरेशन कुठल्या पायाचं?" ताईने विचारलं.

"उजव्या."

"अगं मग उजवीकडे वळवतेसच कशाला!" ताई एवढ्या जोरात ओरडली की माझ्या मांडीवरचं ताट हललं. "त्याच पायावर भार देऊन निजवतेस म्हातारीला? चौथा भाग ऐकला नाहीस? रडू नकोस. रडायला नंतर वेळ मिळेल. घरात उशा किती आहेत?"

"तीन."

"बास झाल्या. एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. फोन खाली ठेवू नकोस, बाजूला ठेव. नवऱ्याला हाक मार, आडवी चादर दोघांनी धरायची. डावीकडे, थोडंसंच, पूर्ण कुशीवर नाही. आणि उद्या डॉक्टरांना विचारून घे. धरली चादर? आता मी तीन म्हटलं की उचलायचं. ओढायचं नाही. एक..."